न्यूट्रॉनांचा हिशेब आणि किरणांची मोजणी

अणु-अभियांत्रिकी आणि प्रारणविज्ञान हे विषय पुष्कळ विद्यापीठांत एकाच विभागात, एकाच पदवीच्या नावाखाली शिकवले जातात. प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात मात्र या नावाचा पहिला भागच असतो: अणुभट्टी, टर्बाइन, वीज, आणि त्यापलीकडे संलयनाचे, म्हणजे हलकी केंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याचे स्वप्न. किरणोत्सर्ग मोजणे, पदार्थावर आणि शरीरावर होणारा त्याचा परिणाम समजून घेणे, त्यापासून बचावाची व्यवस्था आखणे, हा दुसरा भाग त्यांना जोडीला आलेला, कमी वजनाचा वाटतो. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे दोन भाग वेगळे नाहीतच, आणि शिकवण्याचा क्रम ठरवणे माझ्या हाती असते तर मी सुरुवात दुसऱ्या भागापासून केली असती.

पहिल्या दोन वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कलनशास्त्र, अवकल समीकरणे, रेषीय बीजगणित, यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, ऊष्मागतिकी आणि थोडे प्रोग्रामिंग, म्हणजे कोणत्याही अभियांत्रिकी शाखेत असते तेच. त्या काळात आपण नेमके काय शिकायला आलो होतो असा प्रश्न अनेकांना पडतो. खरा विषय तिसऱ्या वर्षाच्या आसपास, अणुभट्टीच्या भौतिकीपासून सुरू होतो आणि त्याचे स्वरूप पाहून पुष्कळांची निराशा होते, कारण त्यात स्फोटक असे काहीच नसते. तो जमाखर्च असतो.

युरेनियम-२३५च्या एका विखंडनातून, म्हणजे त्याचे केंद्रक एकदा फुटल्यावर, सरासरी २.४ न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मुक्त होते. साखळी प्रक्रिया स्थिर ठेवायची असेल, तर या २.४ न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकानेच पुढचे विखंडन घडवले पाहिजे. उरलेले कुठे गेले याचा हिशेब द्यायचा असतो: काही युरेनियम-२३८ने गिळले, काही पोलादात किंवा पाण्यात शोषले गेले, काही गाभ्यातून बाहेर निसटले. विखंडनातून जन्मलेला न्यूट्रॉन फार वेगवान असतो आणि वेगवान न्यूट्रॉनला युरेनियम-२३५चे केंद्रक सापडण्याची शक्यता कमी असते, म्हणून त्याला मंदायकात, म्हणजे वेग कमी करणाऱ्या पदार्थात, धडका देऊन संथ करावे लागते. साध्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांशी सरासरी अठरा टकरी झाल्या की तो पुरेसा मंदावतो. ग्रॅफाइटमधील कार्बनशी टकरी होत असतील, तर शंभराहून अधिक लागतात. जड केंद्रकावर आदळणारा न्यूट्रॉन भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा जवळपास त्याच वेगाने परत येतो, त्यामुळे हलक्या केंद्रकांचीच निवड करावी लागते. १९४२च्या २ डिसेंबरला शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली ती ग्रॅफाइटच्या विटा रचून, कारण हाती असलेल्या नैसर्गिक युरेनियमला साध्या पाण्यातील शोषण परवडणारे नव्हते. हा सारा हिशेब सुरुवातीला चार घटकांच्या गुणाकाराच्या एका लहानशा सूत्रात मांडून शिकवला जातो. प्रत्यक्षातील अणुभट्टीची आखणी त्या सूत्राने कोणी करत नाही, पण कोणता न्यूट्रॉन कोणत्या वाटेने हरवतो हे त्याच्याइतक्या स्वच्छपणे दुसरे काही दाखवत नाही.

माझ्या मते संपूर्ण पदवीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा ०.६५ टक्के हा आहे. युरेनियम-२३५च्या विखंडनातून येणारे जवळपास सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात. फक्त ०.६५ टक्के उशिरा येतात, म्हणजे विखंडनातून निर्माण झालेल्या ब्रोमीन-८७सारख्या काही समस्थानिकांच्या क्षयानंतर. त्यांचा विलंब सेकंदाच्या अंशापासून मिनिटाहून अधिक काळापर्यंत असतो आणि सरासरी तेरा सेकंदांच्या आसपास भरतो. आता असे समजा की हे उशिराचे न्यूट्रॉन नाहीतच आणि न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपते. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा केवळ एक सहस्रांशाने मोठी असेल, तरी एका सेकंदात अणुभट्टीची शक्ती सुमारे बावीस हजार पट होईल. असे यंत्र कोणताही माणूस किंवा यांत्रिक दांडा आवरू शकणार नाही. विलंबित न्यूट्रॉन हिशेबात धरले, की त्याच वाढीला शक्ती पावणेतीन पट होण्यासाठी मिनिटभराचा अवधी लागतो आणि नियंत्रक दांडे सावकाश हलवून काम भागते. जगातील अणुभट्ट्या चालवता येतात त्या या शेकड्यात एकही न भरणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे. परीक्षेत हे समीकरण सोडवणे कठीण नाही, पण त्यातून काय सांगितले जात आहे हे ज्या दिवशी लक्षात आले, त्या दिवसानंतर मला अणुभट्टीची निराधार भीतीही वाटली नाही आणि तिच्याबद्दल बेफिकिरीही वाटली नाही.

या हिशेबात वेळ कसा शिरतो याचे सर्वोत्तम उदाहरण झेनॉन-१३५चे आहे. १९४४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील हॅनफर्ड येथे प्लुटोनियम बनवण्यासाठी बांधलेली बी अणुभट्टी सुरू झाली, काही तास व्यवस्थित चालली आणि मग कोणी हात न लावता तिची शक्ती घसरत जाऊन ती बंद पडली. काही तासांनी ती पुन्हा सुरू करता आली आणि पुन्हा तसेच झाले. हा लपंडाव किती तासांचा आहे हे पाहूनच भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर आणि फर्मी यांना दोषी पदार्थ ओळखता आला. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होते, त्याचे अर्धायुष्य ६.६ तासांचे. त्याच्या क्षयातून झेनॉन-१३५ होते, त्याचे अर्धायुष्य ९.१ तासांचे. संथ न्यूट्रॉन गिळण्याची या झेनॉनची क्षमता इतकी अफाट आहे की त्याचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉनशी प्रक्रिया होण्याच्या शक्यतेचे माप, वीस लाख बार्नच्याही (बार्न हे त्या मापाचे एकक) पुढे जातो, तर युरेनियम-२३५चा विखंडनाचा काटछेद सहाशे बार्नही नाही. अणुभट्टी वाचली ती अभियंत्यांच्या सावधपणामुळे. भौतिकशास्त्रज्ञांच्या गणिताला दीड हजार इंधननलिका पुरेशा होत्या, पण आखणी करणाऱ्यांनी २००४ नलिकांची जागा ठेवली होती, आणि त्या जादा नलिका भरून झेनॉनवर मात करता आली. हा प्रसंग वर्गात सांगितला जातो तेव्हा भौतिकीचे विद्यार्थी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळे भाव दिसतात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तोच झेनॉन १९८६च्या २६ एप्रिलला चेर्नोबिलमध्येही होता. कमी शक्तीवर अणुभट्टी रेंगाळल्यामुळे गाभ्यात झेनॉन साचला, त्याची भरपाई करण्यासाठी जवळपास सगळे नियंत्रक दांडे बाहेर काढले गेले, आणि त्या रचनेत पाण्याची वाफ होताच शक्ती वाढत असे. शिवाय आत सोडल्या जाणाऱ्या दांड्यांची ग्रॅफाइटची टोके पहिल्या क्षणी प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढवत होती. या अपघाताचा अभ्यास करताना एक गोष्ट ठळकपणे दिसते: यात भौतिकीच्या पुस्तकाबाहेरचे असे काहीही नव्हते.

अणुभट्टी बंद केली तरी ती बंद होत नाही, हे दुसरे महत्त्वाचे सत्य. साखळी प्रक्रिया थांबते, पण विखंडनातून साचलेल्या किरणोत्सारी पदार्थांचा क्षय चालूच राहतो. ज्या अणुभट्टीची औष्णिक शक्ती ३००० मेगावॅट आहे, तिच्यात बंद केल्याच्या क्षणी सुमारे दोनशे मेगावॅट उष्णता निर्माण होत असते, तासाभराने चाळीसच्या आसपास आणि दिवसानंतरही दहा मेगावॅटहून अधिक. फुकुशिमात २०११च्या ११ मार्चला भूकंप होताच चालू असलेल्या अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीने हिरावली ती ही उरलेली उष्णता वाहून नेण्याची वीज. त्यानंतर इंधनावरच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण झाला आणि त्याचे स्फोट झाले. ज्या धातूची निवड तो न्यूट्रॉन फारच कमी शोषतो म्हणून केली जाते, त्याचाच हा दुसरा चेहरा. ओघाने आले म्हणून सांगते, झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम मिसळलेले असते आणि ते न्यूट्रॉन अधाशीपणे शोषते, म्हणून अणुभट्टीसाठीच्या झिर्कोनियममधून हाफ्नियम कष्टाने वेगळे करावे लागते, आणि वेगळे काढलेले हाफ्नियम नियंत्रक दांड्यांसाठी उपयोगी पडते. पदार्थविज्ञानाचा आणि उष्णतावहनाचा अभ्यासक्रम अशा तपशिलांनी भरलेला असतो. तो नीरस वाटतो हे खरे, पण नोकरीत सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग तोच, असे या क्षेत्रात काम करणारे माझे अनेक सहाध्यायी सांगतात.

आता दुसऱ्या भागाकडे, म्हणजे मोजणीच्या प्रयोगशाळेकडे येते. इथे विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा खरा किरणोत्सारी स्रोत येतो, नाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या चकतीत बंद केलेला. पहिला प्रयोग बहुधा गायगर गणकाचा, म्हणजे किरणांची एकेक नोंद मोजणाऱ्या उपकरणाचा असतो आणि त्यात शिकायचे असते ते अनिश्चिततेचे गणित. शंभर नोंदी मोजल्या तर अनिश्चितता दहाची, म्हणजे दहा टक्के. दहा हजार मोजल्या तर शंभराची, म्हणजे एक टक्का. अचूकता दहापट हवी असेल तर शंभरपट वेळ थांबावे लागते, आणि उपकरण कितीही महाग असले तरी ही अट टळत नाही. किरणोत्सारी क्षय यदृच्छेने होतो हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि एकच मोजणी पुन्हा पुन्हा करून प्रत्येक वेळी वेगळा आकडा वहीत लिहिणे वेगळे.

पुढचा प्रयोग गॅमा वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण नोंदले गेले याच्या आलेखाचा. सिझियम-१३७चा स्रोत सोडियम आयोडाइडच्या स्फटिकासमोर ठेवला, की ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर एक उंच शिखर दिसेल अशी अपेक्षा असते. ते दिसते, पण त्याच्या डावीकडे एक लांबलचक पठार असते, ते ४७७च्या आसपास कड्यासारखे संपते, आणि १८४च्या जवळ आणखी एक उंचवटा असतो. स्रोतातून तर ६६२च्या ऊर्जेचेच गॅमा किरण येत आहेत, मग हे बाकीचे कुठून आले? पठार आहे ते स्फटिकात कॉम्प्टन विकिरण होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉनला धडकून ऊर्जेचा काही भागच मागे ठेवून, निसटलेल्या किरणांचे आणि उंचवटा आहे तो टेबलावर, भिंतीवर किंवा शिशाच्या आवरणावर आपटून मागे फिरलेल्यांचा. म्हणजे कागदावर उमटते ती केवळ स्रोताची ओळख नसते, त्यात खोलीची आणि उपकरणाचीही ओळख मिसळलेली असते. ही एक वक्ररेषा नीट वाचता येणे हे मी पदवीभर शिकलेल्या गोष्टींत सर्वांत वरचे कौशल्य मानते. नंतर द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरवर तोच स्रोत ठेवला, की पन्नासेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदीचे ते गुबगुबीत शिखर जेमतेम दीड किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ होऊन जाते. स्रोत काढून घेऊन रात्रभर मोजणी चालू ठेवली तर १४६१वर पोटॅशियम-४०ची रेघ उमटते. ती भिंतींतून येते, आणि थोडी आपल्या शरीरातूनही, कारण साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसात पोटॅशियम-४०चे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक क्षय होत असतात.

मोजणी किती बारीक असावी लागते याचा दाखला म्हणून आफ्रिकेतील गॅबन देशातल्या ओक्लो या युरेनियमच्या खाणीचे उदाहरण दिले जाते. १९७२ साली फ्रान्समध्ये गॅबनहून आलेल्या युरेनियमची तपासणी करताना युरेनियम-२३५चे प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरले. तिसऱ्या दशांश स्थानावरचा हा फरक दुर्लक्षिला गेला असता तर कोणाला काही वावगे वाटले नसते. त्याचा पाठपुरावा झाला म्हणून सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी त्या खाणीत निसर्गातच साखळी प्रक्रिया चालली होती हे कळले. त्या काळी नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५चे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते आणि झिरपणारे भूजल मंदायकाचे काम करत होते. किरणोत्सारी कचरा जमिनीखाली किती काळ जागच्या जागी राहू शकतो, या चर्चेतही ओक्लोचे नाव निघते, कारण त्या प्रक्रियेतून उरलेले बरेच पदार्थ इतका काळ तिथेच जमिनीखाली राहिले.

किरणोत्सर्गापासून बचावाचा अभ्यासक्रम अंतर, वेळ आणि आडोसा या तीन शब्दांनी सुरू होतो आणि लगेच गुंतागुंतीचा होतो. बीटा किरणांच्या, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या, उच्च ऊर्जेच्या स्रोतासमोर नवखा विद्यार्थी शिसे ठेवू पाहतो. पण जड धातूत इलेक्ट्रॉन झपाट्याने मंदावले की त्यातून क्ष-किरण निघतात, म्हणून आधी प्लॅस्टिक आणि मग हवे तर शिसे असा क्रम लागतो. न्यूट्रॉनसाठी शिसे जवळपास निरुपयोगी, तिथे पाणी किंवा मेण हवे. मात्रेचे, म्हणजे शरीरात किरणांची किती ऊर्जा शोषली गेली याचे गणित तर सुरुवातीला बुद्धीला पटतच नाही. संपूर्ण शरीराला चार ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर जवळपास निम्मी माणसे दगावतात. आणि चार ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला चार ज्यूल, ज्याने शरीराचे तापमान जेमतेम एक अंशाच्या सहस्रांशाएवढे वाढते. नुकसान उष्णतेने होत नाही, पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर एकाच जागी घाव पडल्याने होते. दुसऱ्या टोकाला, जगात निसर्गातून मिळणारी सरासरी मात्रा वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीरावरील परिणाम धरून मोजलेल्या मात्रेचे एकक) आहे आणि व्यावसायिक कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. या अल्प मात्रांचा धोका नेमका किती, यावर आजही वाद आहे. मात्रेच्या सरळ प्रमाणात धोका धरायचा आणि त्याला शून्याखेरीज खालची मर्यादा मानायची नाही, हे गृहीतक नियमांसाठी वापरले जाते. ते सावधगिरीचे धोरण म्हणून मला मान्य आहे, पण त्याच्या आधारे लाखो लोकांच्या नगण्य मात्रांची बेरीज करून मृत्यूंचे आकडे छापणे मला अयोग्य वाटते.

अणुवीज केंद्राचा ज्यांच्याशी काही संबंध नाही अशा दोन घटना या भागात शिकवल्या जातात आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचाव्यात असे मला वाटते. पहिली ब्राझीलमधील गोयानियाची, १९८७ची. बंद पडलेल्या उपचार केंद्रात मागे राहिलेले सिझियमचे यंत्र भंगारासाठी फोडले गेले, अंधारात निळसर चमकणारी पूड घरोघर पोहोचली, चार जणांचा मृत्यू झाला आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. दुसरी थेरॅक-२५ या उपचारयंत्राची. १९८५ ते १९८७ या काळात उत्तर अमेरिकेत सहा रुग्णांना त्या यंत्रातून अतिप्रचंड मात्रा मिळाल्या, कारण आधीच्या यंत्रांतील यांत्रिक अटकाव काढून टाकून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती आणि त्यात चुका होत्या. अणुभट्टीच्या सुरक्षेवर वर्षभर चर्चा करणारे विद्यार्थीही या दोन घटनांबद्दल फारसे जाणत नाहीत, हे मला खटकते.

संगणकाचा भाग आता इतका वाढला आहे की काही विद्यापीठांत तो प्रयोगशाळेला मागे सारतो. मॉन्टे कार्लो पद्धतीचा पाया १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी घातला तो न्यूट्रॉनांच्या प्रवासाच्याच प्रश्नासाठी. एकेका न्यूट्रॉनचे आयुष्य यदृच्छ अंकांनी चालवून पाहायचे, अशी लाखो आयुष्ये मोजायची आणि सरासरी काढायची. इथेही मोजणीच्या प्रयोगशाळेतील तोच वर्गमुळाचा नियम भेटतो, आणि ज्याने गायगर गणकासमोर बसून वाट पाहिलेली असते, तो संगणकाच्या उत्तराखाली छापलेली अनिश्चितता न वाचता पुढे जात नाही. रंगीत नकाशे दाखवणारी सादरीकरणे पाहताना मी पहिला प्रश्न त्या अनिश्चिततेबद्दलच विचारते.

ज्या थोड्या विद्यापीठांत स्वतःची संशोधन अणुभट्टी आहे, तिथले विद्यार्थी भाग्यवान. पाण्याच्या तळाशी दिसणाऱ्या निळ्या चेरेन्कॉव्ह प्रकाशाची छायाचित्रे सगळेच दाखवतात, पण माझ्या दृष्टीने तिथला मोलाचा प्रयोग म्हणजे क्रांतिकतेकडे, म्हणजे साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर टिकते त्या अवस्थेकडे, टप्प्याटप्प्याने जाण्याचा. दांडा थोडा वर घ्यायचा, मोजणी स्थिर होईपर्यंत थांबायचे, मोजलेल्या दराचा व्यस्तांक आलेखावर मांडायचा, रेघ पुढे ओढून ती शून्याला कुठे छेदेल याचा अंदाज घ्यायचा, आणि त्या अंदाजापासून पुरेसे अलीकडे राहूनच पुढचे पाऊल टाकायचे. यात अणुभट्टीची भौतिकी, डिटेक्टर, अनिश्चितता आणि सुरक्षेचे नियम एकाच टेबलावर येतात, आणि अभ्यासक्रमाचे दोन भाग एकच का आहेत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी मला प्रामुख्याने नोकऱ्यांबद्दल विचारतात. अणुवीज केंद्रे आणि इंधननिर्मिती यांच्याशिवाय नियामक संस्था, जुन्या अणुभट्ट्या मोडीत काढण्याचे काम, अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठीची तपासणी आणि रुग्णालयांतील वैद्यकीय भौतिकी ही सगळी क्षेत्रे याच पदवीतून उघडतात. ज्यांना वैद्यकीय भौतिकीकडे जायचे आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की पदवी पुरेशी होत नाही, बहुतेक देशांत पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील प्रशिक्षणाचा काळ पुरा करावा लागतो, त्यामुळे शरीरशास्त्राचे एखादे सत्र लवकर घेतलेले बरे. विभागाची निवड करताना क्रमवारीपेक्षा काही साधी माहिती मागवून घ्यावी. मोजणीची प्रयोगशाळा कोणत्या वर्षापासून असते, एका उपकरणामागे किती विद्यार्थी असतात, जर्मेनियम डिटेक्टरला पदवीच्या विद्यार्थ्यांना हात लावू देतात की तो संशोधकांसाठी राखून ठेवलेला असतो, विभागाची अणुभट्टी नसेल तर दुसरीकडे नेऊन प्रयोग करवून घेतात का, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात अनिश्चिततेचे विश्लेषण न केल्यास गुण कापतात का. शेवटच्या प्रश्नाला जो विभाग होकार देईल, त्याला माझी पसंती.